सिमेंटवरची देवी

गुडघ्याबद्दल मला कुणी शहाणपण शिकवायला आलं की माझं टाळकं सटकतं. एरंडाचं पान बांधा म्हणे, तिळाचं तेल चोळा म्हणे. अहो, मी पीटीचा मास्तर आहे. नाशिकच्या शाळेत पोरांना उडी मारायला आणि मुख्य म्हणजे उडी मारून खाली यायला शिकवण्यात माझी हयात गेली. वर काय, कुणीही जातं. खाली कसं यायचं ते मात्र शिकावं लागतं. आणि चुकीचं खाली आल्यावर काय होतं, ते मी पुस्तकात नाही, आमच्या घरात बघितलंय.

आमचा बा, म्हणजे माझे वडील, सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवर होता. पाळी कुठलीही असो, आठ तास सिमेंटच्या फरशीवर उभा. गाव आमचं पेठच्या पुढं, घाट ओलांडून डोंगरात. बाच्या वाट्याची जमीन त्यानं धाकट्या भावाला, माझ्या काकाला, कधीच सोडून दिली होती. तिथलं घर काकाचं, भात काकाचं, नागली काकाची. गावात बाचं म्हणून एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे बोहाड्यातलं देवीचं सोंग.

बोहाडा हा आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. उन्हाळ्यात, शेतात काम नसतं तेव्हा होतो. रात्रभर एकेक सोंग संबळावर नाचत येतं आणि जातं. शेवटी, उजाडलं की देवी येते आणि म्हैसासुराला मारते. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. देवी आमच्या घराची. आजोबांनंतर थोरला म्हणून बानं नाचवायची. एक वर्ष जरी त्यानं मुखवटा चढवला नाही, तर देवीनं दुसरं डोकं मागितलं असं धरतात, आणि सोंग पुढच्या माणसाकडं जातं ते जातंच. परत येत नाही. पुढचा माणूस म्हणजे काका.

बाला हे सोंग किती जिवाभावाचं होतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. कारखान्यात त्याला कोण विचारत होतं? सुपरवायझर वयानं लहान, तरी अरेतुरे करायचा. सातपूरच्या आमच्या चाळीत तर तो निव्वळ 'ते पेठवाले'. पण त्या एका सकाळी सबंध गाव त्याच्या पायावर डोकं ठेवायचं. चैत्र लागला की आमच्या दोन खोल्यांत बा वेगळाच माणूस व्हायचा. मांसमच्छी बंद, बिडी बंद, आईशी बोलणंसुद्धा हळू. आई म्हणायची, "वर्षातला एक महिना तरी तुझा बा माणसात येतो बाबा."

आता उडीचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. देवी नाचत पुढं येते, म्हैसासुर मागं सरतो, आणि देवी दोन्ही पायांवर उंच उडी मारून त्याच्या पुढ्यात आदळते. पुन्हा पुन्हा. मुखवटा अख्ख्या लाकडाचा, वर मुकुट, मागं प्रभावळ. डोक्याला फेटा गुंडाळून त्यावर दोऱ्यांनी करकचून बांधायचा. आमच्या गावचा नेम असा, की देवीची नजर म्हैसासुरावरून खाली येता कामा नये. मुखवटा झुकला म्हणजे देवी राक्षसापुढं वाकली. मग ते वर्ष गावाला वाईट. त्यामुळं उडी मारून खाली आलं तरी मान ताठ, पाठ ताठ, कंबर ताठ. आणि एवढं सगळं ताठ ठेवलं की गुडघाही ताठच राहतो. त्याला वाकायला वावच नाही.

बी.पी.एड.च्या वर्गात आम्हाला याच्या बरोब्बर उलटं शिकवलं होतं. खाली येताना आधी चवडा टेकवायचा, मग टाच, मग घोटा, गुडघा, कंबर सगळं क्रमानं मुडपायचं. जोरात आलेला चेंडू झेलताना आपण हात मागं घेतो ना, तसं. थांबायला जितका वेळ घ्याल तितका मार कमी. झटक्यात थांबलात की अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट दणका जमीन तुम्हाला परत देते, आणि तो जातो कुठं? घोट्यातून नडगीत, नडगीतून गुडघ्यात. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये एक गादी असते. तो दणका ती खाते. ती तरी बिचारी किती खाणार?

ते शिकत असताना मला सारखा बा दिसायचा. तरी इतकी वर्षं त्याला काही झालं नव्हतं, कारण जमीन वाकत होती. देवळापुढचं अंगण मातीचं. बोहाड्याआधी बाया ते खणून, भिजवून, वर भाताचा तूस पसरून ठेवायच्या. बा आदळला की टाचा रुतायच्या, धुरळा उडायचा. गुडघ्यानं जे करायचं ते माती करत होती. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

आणि मग गाव सुधारलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमदार निधी आला आणि गावानं एकमतानं काय मागावं? दवाखाना नाही, पाण्याची टाकी नाही. देवळापुढं सिमेंटचं अंगण! चिखल नको, धूळ नको, देवीला चांगली जागा पाहिजे. अंगण झालं तेव्हा बा सातपूरहून मुद्दाम बघायला गेला आणि चाळीत सगळ्यांना सांगत सुटला, "आरशासारखं केलंय, भाकर ठेवून खावी."

पहिल्या वर्षी तो त्यावर नाचून आला आणि महिनाभर जिन्याचा कठडा धरून उतरत होता. डावा गुडघा टम्म सुजलेला. दुसऱ्या वर्षी गुडघ्यात पाणी झालं, ते काढावं लागलं. डॉक्टरनं फिल्म उजेडापुढं धरून सांगितलं, "गादी फाटलीय. कारखान्यात बसून करायचं काम मागा. आणि उडी तर अजिबात नाही. पुन्हा उडी मारलीत तर पाय कायमचा जाईल." बानं मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "याला काय ठावं हाय बोहाड्याचं?"

"बा, मी नाचतो," मी म्हटलं.

"तुझ्या अंगात नाय ते. तू शिट्ट्या वाजव."

लागलं मला ते, खोटं कशाला बोलू. पण त्याचंही खरं होतं. नाच माझ्या अंगात नव्हता, कवायत होती. आणि जिवंतपणी मुखवटा दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे आपण संपलो, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग मी म्हटलं ठीक आहे, नाचायचंच आहे ना, तर निदान नीट उतर. रविवारी सकाळी त्याला शाळेच्या मैदानावर नेलं. लांब उडीच्या वाळूत उभं केलं. मुखवट्याऐवजी डोक्यावर चुंबळ आणि त्यावर पाण्यानं अर्धी भरलेली कळशी. पाणी सांडलं तर देवी वाकली असं समजायचं.

तो तमाशा कुणी बघायला हवा होता. पाठ सरळ ठेवून नुसते गुडघे मोडायचे म्हणजे न दिसणाऱ्या खुर्चीवर बसल्यासारखं उतरायचं. त्याला मांड्यांत ताकद लागते. आणि बाची डावी मांडी तर दुखण्यानं वापर कमी होऊन नुसती सुकली होती. पहिल्या उडीला कळशी गेली. दुसरीला कळशीसकट बा गेला. वाळूत बसल्या बसल्या त्यानं मला ज्या शिव्या घातल्या त्या मला अजून पाठ आहेत. बरोबर आलेली आई शाळेच्या पायरीवर बसून तोंडाला पदर लावून हसत होती, आणि हसता हसताच डोळे पुसायला लागली. "नको रे त्याला शिकवू," ती म्हणाली. "त्याला येत नाय म्हणून तरी थांबेल."

थांबतोय कशाचा! चैत्र लागला, बिडी सुटली.

मी दोन दिवस आधी गावात गेलो आणि लोकांना हातापाया पडून सांगितलं, अंगणावर माती टाका. पंचांत एक निवृत्त शिक्षक होते, तेसुद्धा माझ्याकडं वेड्यासारखं बघायला लागले. एकजण म्हणाला, "मग शिमिट कशाला केला? लोकं हसतील." दुसरा म्हणाला, "शिमिटावर माती म्हंजे घसरंल देवी." हे दुसरं अगदीच चूक नव्हतं. गोणपाट अंथरू म्हटलं तर देवीच्या पायाखाली गोणपाट? छे! मी काकाला बाजूला घेतलं. काका बाहेरून वाईट माणूस नव्हता, आतूनही नव्हता. वर्षभर देवळाचं झाडलोट, दिवा, मुखवट्याला तेल हे सगळं तो करायचा आणि मान मात्र वर्षातून एकदा एसटीतून उतरणाऱ्या भावाला मिळायचा. मी म्हटलं, "काका, यंदा तू नाच." त्याचे डोळे क्षणभर चमकले. मग म्हणाला, "दादाच्या तोंडून येऊ दे. मी मागून घेनार नाय."

बाच्या तोंडून ते येणार नव्हतं. तो आणि आई गावात काकाच्या घरी येऊन उतरले होते. देवी नाचायची त्याच्या आदल्या दिवशी तो खाटेवरून उठून मोरीपर्यंत जाताना भिंत धरत होता. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. म्हटलं दुखू दे. चांगलं ठणकू दे. उद्या सकाळी पाय टेकलाच नाही म्हणजे कुणाचा इलाजच नाही, देवीचाही नाही.

दुपारी काका त्याला मोटरसायकलवर मागं बसवून बाजाराच्या गावाला घेऊन गेला. काहीतरी सामान आणायला गेले असतील असं मी धरून चाललो. परत आले तर बा फाटकापाशी उतरला आणि चालत आला. भिंत न धरता. लंगडत नव्हता! अंगणातल्या पोरांच्या मधून असा ताठ आला, की मला माझ्या लहानपणीचा बा आठवला.

"सुई मारली गुडघ्यात," तो म्हणाला. "भारी डाक्टर हाय. पार गायब. दुखतच नाय!"

"बा, दुखणं गेलंय, गुडघा तसाच आहे," मी ओरडलो. "फाटलेली गादी फाटलेलीच आहे. दुखत होतं म्हणून तू जपत होतास. आता तुला कळणारच नाही!"

"न कळंना. कळून काय करायचंय?"

मी काकाकडं बघितलं. काका मोटरसायकलचा स्टँड लावत होता. "दादा म्हनला घेऊन चल, मी घेऊन गेलो," एवढंच तो बोलला. त्याच्यावर तुटून पडावं असं वाटलं, पण त्याचा तरी काय दोष? भाऊ नाचावा म्हणून त्यानं नेलं की भाऊ एकदाचा संपावा म्हणून, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्यालाही ते ठाऊक असेलसं वाटत नाही.

सकाळी उजाडताना देवी आली. हिरवी साडी, हातात तलवार, वर तो भला मोठा लाकडी चेहरा. संबळ असा कडाडत होता की छातीत धडधड व्हावी. आणि बा नाचला. काय नाचला! इतक्या वर्षांत मी त्याला तसं नाचताना बघितलं नव्हतं. दुखतच नव्हतं ना. पायाला कुणी अडवतच नव्हतं. उडी अशी उंच की मुकुट पताकांना लागेल. आणि दर उडीला दोन्ही टाचा सिमेंटवर एकदम, ताठ. धूळ नाही, रुतणं नाही, काही नाही. नुसता 'ठप्प' असा कोरडा आवाज. मी दातओठ खाऊन उभा होतो. आई देवळाच्या भिंतीकडं तोंड करून बसली होती.

मग एका उडीला तो खाली आला आणि डावा गुडघा आतल्या बाजूला गेला. जायला नको त्या बाजूला. गेला आणि परत आला. संबळाच्या आवाजात काही ऐकू आलं नसेल, पण मला ऐकू आलं, किंवा दिसलं ते इतकं स्पष्ट होतं की ऐकल्यासारखं वाटलं. कुठलाही माणूस तिथं कोसळला असता. बा कोसळला नाही. मुखवटा झुकता कामा नये! तो उजव्या पायावर उभा राहिला, ताठ. डावा पाय मागं लोंबत, पाऊल बाहेर वळलेलं. देवीची नजर म्हैसासुरावर तशीच.

आणि मग कुणीतरी किंचाळलं, "आली! देवी आली!"

झालं. बाया अंगात आल्यासारख्या पुढं धावल्या. एका पायावर उभी देवी कुणी कधी बघितली नव्हती. बानं त्या एका पायावर उडी मारली. पुन्हा मारली. मागं तो डावा पाय फरफटत. मी आत घुसायला बघत होतो तर दोघांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. "येडा झाला का मास्तर? अंगात हाय त्याच्या!" म्हैसासुर पडला. बाया कळश्या घेऊन आल्या, देवीचे पाय धुवायला लागल्या. तो डावा पाय दोन्ही हातांनी उचलून, वळलेला तसाच, त्यावर पाणी, हळद, कुंकू. डोकी टेकवत होत्या त्यावर. मी ओरडत होतो, "पाय सोडा! अहो पाय सोडा त्याचा!" माझं कोण ऐकतंय.

देवळात नेऊन मुखवटा सोडवला तेव्हा बाचा चेहरा घामानं निथळत होता आणि तो हसत होता. "झुकला का?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"नाही झुकला."

मग त्यानं उठायचा प्रयत्न केला. दोनदा केला. खाली बघितलं. "हा पाय कुनाकडं चाललाय?" असं म्हणाला आणि तेव्हा कुठं घाबरला.

जीपमध्ये घातला, घाट चढून नाशिकला आणला. वाटेतच सुईचा असर उतरला. त्याबद्दल मी लिहिणार नाही. गुडघ्याचे बंध तुटलेले, गादीचा चुरा, नडगीच्या हाडाचा वरचा काठ चेपलेला. दोनदा कापला. पाय राहिला, पण वाकायचा कायमचा बंद झाला. कारखान्यानं थोडे दिवस गेटवर बसवला, मग घरी बसवला.

सातपूरच्या आमच्या खोलीत तो भिंतीला टेकून बसायचा आणि तो पाय खोलीच्या मधोमध, दारापर्यंत आडवा. माणसाचा पाय ओलांडू नये म्हणून आई दर वेळी थांबायची, हात जोडल्यासारखं करायची आणि मग ओलांडायची. स्वयंपाक करताना दिवसातून कितीदा ते करावं लागत असेल! बाला मोरीत, संडासात बसता येईना. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीचं बूड कापून दिलं. ती बघून तो लहान मुलासारखा रडला. मलाही राग यायचा. देवीचा, सिमेंटचा, त्याचा. आणि रात्रंदिवस समोर तो पाय.

पुढच्या चैत्रात मुखवटा काकाकडं गेला. बा येणार नाही असं मला वाटलं होतं. पण त्यानं हट्ट धरला. जीप केली, पुढच्या सीटवर पाय लांब करून त्याला आणला. गावानं त्याला मानानं पहिल्या रांगेत खुर्ची दिली, पायाखाली दुसरी खुर्ची. लोक येऊन त्याच्या पाया पडत होते. म्हणजे, त्या पायाच्या. "साक्षात आली होती गेल्या साली," म्हणत होते.

उजाडलं. देवी आली. काका चांगला नाचत होता, गड्याचे पाय मजबूत. दोन्ही पायांच्या उड्या झाल्या. आणि मग संबळाचा ताल एकदम बदलला. तो ताल मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. नवा बसवलेला दिसत होता. बाया कळश्या घेऊन आधीच रांगेत उभ्या राहिल्या. आणि काकानं एक पाय मागं सोडला. पाऊल बाहेर वळवलं. एका पायावर ताठ उभा राहिला.

"आली! देवी आली!"

मला आधी कळेचना मी काय बघतोय. मग कळलं. मोडलेला गुडघा त्यांनी नाचात बसवला होता. दोन पायांनी वाटून घ्यायचा दणका आता देवी एकाच पायावर घेणार होती, त्याच सिमेंटवर, ताठ मानेनं, दर वर्षी. आणि काकानंतर त्याचा मुलगा. मी बाकडं वळलो. म्हटलं आता हा तरी काही बोलेल. याला तरी माहीत आहे तो पाय कशानं फरफटत होता.

बा खुर्चीच्या हातावर जोर देऊन अर्धा उठला होता. मानेच्या शिरा ताठलेल्या. संबळावर आवाज चढवून तो ओरडला, "डावा! अरे, डावा पाय! उजवा नव्हता तो!"

मुखवट्याच्या आत काकाला ते ऐकू गेलं. त्यानं पाय बदलला. डावा मागं सोडला, पाऊल वळवलं, सगळा भार उजव्यावर घेतला आणि सिमेंटवर उडी मारली.

बा मागं टेकून बसला. "आता बरोबर," म्हणाला.